रुक्मिणबाईचा उजवा हात

हात दुखतोय म्हणून आलेल्या माणसाला मी आधी मान वळवायला सांगते, आणि तो हमखास वैतागतो. "म्याडम, दुखणं इथं हाय," म्हणत तो कोपर, मनगट, बोटं पुढं करतो. पोरीला नीट शिकवलेलं दिसत नाही, असा भाव तोंडावर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या भागात हा शब्द कुणी पुरा उच्चारत नाही. कुणी 'व्यायामवाल्या म्याडम' म्हणतं, कुणी मालिशवाली. एका आजोबांनी 'मानेच्या बाई' असं नाव ठेवलं, ते मला सगळ्यात आवडलं.

दिवाळीच्या अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं सहसा निवृत्त असतात. माझी अजून पहिली खुर्चीसुद्धा झिजलेली नाही. संपादकांना मी म्हटलं, माझ्याकडं आठवणी थोड्या आणि राग फार आहे. ते म्हणाले, मग राग लिहा. तो मला येतो लिहायला. मी पेडगावची, मास्तरांची मुलगी. कॉलेजात असताना अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहिली: फी कमी करा, होस्टेलला पाणी द्या, मुलींसाठी एसटी वेळेवर सोडा. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते. प्रत्येक दुखण्यामागं कुणीतरी जबाबदार असतोच, असं वाटायला लागतं. आता मी एका छोट्या संस्थेत काम करते आणि दर बाजारच्या दिवशी सोनपेठला समाजमंदिराच्या एका खोलीत पेशंट बघते. खोलीत एक लाकडी टेबल आहे, दोन चादरी, एक रबरी हातोडी आणि आवाज करणारा पंखा. मशीन एकही नाही. म्हणूनही लोक वैतागतात.

तर हात दुखला की मान का बघायची? शेतकऱ्याला मी ठिबकचं विचारते. शेवटच्या झाडाला पाणी कमी पडायला लागलं तर तुम्ही झाडापाशी उकरत बसता का? मागं नळी कुठं दबली ते बघता ना? हेही तसंच. मानेच्या मणक्यांतून दोन्ही बाजूंना शिरा निघतात आणि खांद्यावरून थेट बोटांपर्यंत जातात. मणक्यांमधली गादी सरकली किंवा हाडाला टोक आलं, की शीर उगमापाशीच दबते आणि सुजते. ओरडते मात्र हातात. अंगठ्यात मुंग्या म्हटलं की मला एक जागा सुचते, मधलं बोट म्हटलं की तिच्या खालची. माणसानं नुसतं बोट दाखवावं आणि आपण मानेतली जागा ओळखावी, यात एक वेगळी मजा आहे. या धंद्यातली तेवढी ऐट मी करते.

बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ऑपरेशनशिवाय उतरतं. हे वाक्य मी ओरडून सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. यात विकण्यासारखं काहीच नाही! ज्या वाकणात कळ येते ते वाकण टाळायचं, पण अंथरूण धरायचं नाही. हलके व्यायाम करायचे, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची, उशी एकच घ्यायची आणि दम धरायचा. दम कधी धरायचा नाही, तेही सांगते. हाताची ताकद कमी व्हायला लागली, हातातून वस्तू पडायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, लघवीचा ताबा सुटला, तर लगेच डॉक्टर गाठायचा. आणि डावा हात भरून आला, छातीवर दाब आला, घाम फुटला, तर माझ्या दारात येऊन वेळ घालवू नका. तो काळजाचा मामला असू शकतो, सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

एवढं साधं असताना लोक काय काय करून येतात! कुणी बिब्ब्यानं खांदा भाजून घेतलेला असतो. कुणी 'वाताच्या पुड्या' खाऊन तोंड सुजवलेलं असतं, आणि पुडीत काय घातलं ते देणारा सांगत नाही. पिंगळीचे एक गुरुजी मानेचा पट्टा लावून आले. आठवडाभर लावा म्हणून कुणीतरी दिला होता, काढा म्हणून कुणी सांगितलंच नाही. वर्ष उलटलं होतं. "पट्टा काढला की मुंडकं पडंल असं वाटतं," म्हणाले. शाळेतल्या पोरांकडं वळून बघायचं तर ते सबंध कमरेतून वळायचे. त्यांची मान मी थोडीफार मोकळी केली, पण पहिल्यासारखी झाली नाही. ते वर्ष वाचवता आलं असतं, हे अजून टोचतं.

मग मी पत्रक काढलं. मथळा होता, 'मान मोडून घेऊ नका!' आमच्याकडं दाढी-कटिंग झाली की कटिंगवाला गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही हातांत धरतो आणि कडाड् करून मान मोडतो. ही फुकटातली चैन आहे, आणि शीर दबलेल्या माणसाला ती भलत्याच भावात पडू शकते. पत्रकात मी अशा लोकांना 'मानेचे मारेकरी' म्हटलं होतं. पत्रक बाजारात वाटलं, भिंतींना डकवलं आणि विसरून गेले.

पुढच्या बाजारी एक उंच, तेल लावून भांग पाडलेला माणूस दारात उभा राहिला. खिशातून घडी केलेलं पत्रक काढून त्यानं टेबलावर ठेवलं. त्याचं नाव दिगंबर. बाजारतळाच्या कडेला त्याचं दुकान आणि मान मोडण्यात पंचक्रोशीत नाव. बायामाणसं दुकानात जायची नाहीत, ती त्याच्या घरी जायची. मान मोडताना त्याची बायको शेजारी उभी राहायची.

"हे मारेकरी म्हणजे आमीच का?"

"मान मोडत असाल तर तुम्हीच."

"वीस वर्सं झाली मोडायलोय. एक मेला न्हाई."

"पहिला मरायची वाट बघायची का?"

त्यानं पत्रक परत खिशात घातलं. मग खुर्ची ओढून बसला आणि उजवा हात पुढं केला. "मंग आता मारेकऱ्याचीच मान बघा. ह्या अंगठ्यात मुंग्या यायल्यात. परवा वस्तरा सटकला, गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचला."

मला हसू दाबता आलं नाही. "मग एखाद्याकडून मोडून नाही घेतली?"

"छ्या! दुसऱ्याच्या हातात मान द्यायला मी काय येडा हाय का?"

त्याला तपासलं, हाताची ताकद शाबूत होती, आणि नंतर त्याच्या दुकानात जाऊन बसले. हा माझा नियमच आहे. टेबलावर माणूस दुखणं सांगतो, पण दुखणं घडतं कामाच्या जागी. दिगूभाऊ उंच आणि खुर्ची बुटकी. दिवसभर मान खाली, एका अंगाला वाकडी, हात अधांतरी. खुर्ची उंच करून घेतली. गिऱ्हाइकाभोवती वाकण्याऐवजी गिऱ्हाइकाभोवती फिरायचं, एवढं त्याच्या पायांना शिकवलं. व्यायाम तर त्यानं माझ्यापेक्षा नेमानं केले. मुंग्या गेल्या. मान मोडणं त्यानं बंद केलं, पण धंदा धंदा असतो. एकदा मी दुकानात असताना त्यानं एकाची मान अलगद कलती केली आणि कडाड् आवाज आला. मी ताडकन उठले.

"बसा म्याडम," तो डोळा मिचकावून हळूच म्हणाला. "त्ये माझं बोट मोडलं. आवाज आल्याबिगर गिऱ्हाइकाचं समाधान व्हत न्हाई."

एक गोष्ट मात्र तो प्रामाणिकपणे करायचा. मान धरण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, "हातात मुंग्या येत्यात का?" हो म्हटलं की हात वर, आणि समाजमंदिराचा रस्ता. मी इतकी पत्रकं काढली, त्यांनी जेवढं काम केलं नसेल तेवढं या एका प्रश्नानं केलं. दिगूभाऊबद्दल मला आदर आहे, आणि तो त्याला माहीत आहे. म्हणून तो पत्रकाची ती घडी अजून आरशाला खोचून ठेवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

रुक्मिणबाई आली ती त्याच्याकडूनच.

पुढं सासू, गयाबाई: किडकिडीत, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आवाज खोलीत न मावणारा. मागं रुक्मिणबाई, पस्तिशीची, उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरलेला, एखादं करडू धरावं तसा. नवरा मेंढरं घेऊन रानात होता. ही मेंढपाळ माणसं पावसाळा सोडला तर बाहेरच असतात. बायका गावात राहतात, शेरडं सांभाळतात, रोजानं जातात.

"त्यो कटिंगवाला निस्ता भित्रा हाय," गयाबाई टेकायच्या आधीच सुरू झाली. "म्हनतो, मुंग्या येत्यात तर मी हात लावत न्हाई. एवढ्या लांबून आलो आमी, आन् ह्यानं हाकलून दिलं! तुमाला येतं का मोडता?"

"येतं, पण मोडणार नाही."

"मंग काय करता तुमी?"

"आधी विचारते. काम काय करता, रुक्मिणबाई?"

"काय न्हाई. घरीच असते."

हे उत्तर मी इतक्या बायांच्या तोंडून ऐकलंय की आता वहीच फेकावीशी वाटते. काय न्हाई! पण इथं गयाबाईच भडकली. "घरीच आसती म्हनं! शेरडांना पाला कोन पाडतंय मंग? तुजा बाप?"

पाला पाडायचा म्हणजे आकडी चालवायची. लांब वेळूच्या टोकाला विळ्यासारखं पातं बांधलेलं असतं. बाभळीखाली उभं राहायचं, मान पार मागं टाकायची, दोन्ही हात वर करून फांदी ओढायची. उन्हाळ्यात रानात गवताची काडी नसते, तेव्हा रोज हेच. मी कोपऱ्यातला जळमटं काढायचा झाडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, कसं करता दाखवा. तिनं वर बघितलं मात्र, आणि झाडू हातातून गळाला. मानेतून निघालेली कळ दंडाच्या मागच्या बाजूनं मधल्या बोटापर्यंत गेली. ती कुठून कुठं गेली हे तिनं डाव्या हाताच्या बोटानं मला आखून दाखवलं. पुस्तकातली आकृतीसुद्धा इतकी सरळ नसते.

कळ असणं वेगळं. मला भीती ताकदीची होती. कोपर वाकवून मी तिला सांगितलं, मला ढकला. डाव्या हातानं तिनं असं ढकललं की माझं स्टूल सरकलं. उजव्या हाताला मी नुसती दोन बोटं लावून थोपवू शकले. रबरी हातोडी मारली, तर दंडाच्या मागचा झटका आलाच नाही. दिगूभाऊनं ही मान पहिल्यासारखी मोडली असती तर काय झालं असतं, हा विचार मी तिथंच थांबवला.

शेवटी एक तपासणी राहिली होती. मी तिचा उजवा हात उचलून तळवा तिच्या डोक्यावर ठेवला. शीर दबलेली असली तर पुष्कळदा असं केल्यानं तिच्यावरचा ताण ढिला पडतो. रुक्मिणबाईचे डोळे मिटले. खांदे खाली आले. किती तरी वेळानं तिनं पुरता श्वास सोडला.

"थांबलं," ती म्हणाली. "ताई, थांबलं की वो!"

"हात खाली घे!" गयाबाई ओरडली.

रुक्मिणबाईनं चटका बसल्यासारखा हात खाली घेतला. तोंड पुन्हा पिळवटलं. मग हळूहळू कळलं की हा उपाय तिला आधीच सापडला होता. रात्री नकळत हात डोक्यावर जायचा आणि बरं वाटायचं. पण घरात कुणी बघितलं की सासू हात खाली घ्यायला लावायची. घरचा माणूस बाहेर असताना बाईनं डोक्यावर हात ठेवून बसायचं म्हणजे त्याच्या जिवाला घोर. देवानं दिलेलं औषध हाताशी, आणि ते घ्यायला बंदी!

मी सुटले. बाईच्या हातावर पहारे बसवणारे रिवाज, अंधश्रद्धा, शिक्षण, स्वतःच्या अंगावरचा हक्क, सगळं बोलले. पत्रक पाठ असलेली मी, दम लागेपर्यंत बोलले.

गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं का भाषन?"

मी वही मिटली.

"माजा मालक असाच मेंढरामागं गेला व्हता. डोकं दुखायलं म्हनून मी उंबऱ्यात बसले व्हते, असा हात ठिवून. तवाच निरोप आला, ओढ्याच्या पुरात गेला म्हनून. आता तुमी म्हना, हातानं झालं न्हाई. मलाबी कळतंय की हातानं झालं न्हाई. पर मला त्ये बघवत न्हाई, पोरी. माजं लेकरू भाईर हाय."

मी माझं स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

म्हातारी सुनेकडं वळली. सुनेनं हात पुन्हा पोटाशी घेतला होता आणि ओठ चावला होता. मग गयाबाईनं पिशवीतून एक जुनं फडकं काढलं, पीळ दिला, गोल वळलं आणि चुंबळ केली. घागरीखाली, पाटीखाली बाया डोक्यावर ठेवतात ती. ती तिनं सुनेच्या डोक्यावर ठेवली, सुनेचा उजवा हात उचलला आणि त्या चुंबळीवर टेकवला.

"हां," ती लांब होऊन बघत म्हणाली. "आता वझं धरल्यावानी दिसतंय. वझं धरायला कोन न्हाई म्हनंल?"

मला हसावं की रडावं कळेना. बाईचा हात डोक्यावर गेला तर अपशकुन, आणि खाली ओझं असलं तर तो संसार! या एका चुंबळीवर मी दहा पत्रकं लिहू शकले असते. पण त्या खोलीत तेव्हा एक म्हातारी स्वतःच्या भीतीला वळसा घालून सुनेला बरं वाटू देत होती, आणि सुनेनं डोळे मिटले होते. मी लिहायची घाई केली नाही.

त्याच आठवड्यात संस्थेच्या डॉक्टरांनी रुक्मिणबाईला तपासलं, मानेचा फोटो काढला. मोठ्या शहरातल्या मणक्याच्या सर्जनकडं मी स्वतः एसटीनं घेऊन गेले. तो माणूस सरळ बोलणारा निघाला. म्हणाला, शीर दबली आहे, ताकद कमी आहे. थोडे आठवडे वाट बघू, पण डोळ्यांत तेल घालून. ताकद आणखी घटली तर ऑपरेशन. घटली नाही तर शीर आपोआप सुटेल. परत येताना गाडीत रुक्मिणबाईनं एकच विचारलं, "ऑपरेशन केल्यावर हात ऱ्हातो ना ताई?" राहावा म्हणूनच करतात, मी म्हटलं. उजवा हात म्हणजे तिचं दूध काढणं, खुरपं, भाकरी, रोजंदारी. सगळं घर त्या हातावर चालायचं, आणि ती म्हणायची काय न्हाई, घरीच असते.

मी आकडी बंद केली. शेरडं मात्र बंद करता येत नाहीत. पुढच्या बाजारी ती आली ती चुंबळ डोक्यावर, हात चुंबळीवर, बाजारातून चालत. बाया हसत होत्या. "काय गं रुक्मिन, वझं घरीच इसरलीस का?"

"पुडं धाडलंय ट्र्याक्टरनं," तिनं उत्तर दिलं. "मी निस्तीच याया लागलेय, हिरोईन म्हनून."

"आणि पाला?" मी विचारलं.

"पाडायलेय की."

मी चिडले. तिनं डाव्या हातानं मला थोपवलं. "ऐका तर. खालून न्हाई पाडत. आमचा ओढा खोल हाय, बाभळी तळात. वर काठावर हुबं ऱ्हायलं की शेंडा असा नाकासमूर येतो. डाव्या हातानं इळा मारते, पाला खाली पडतो, शेरडं खाली हुबी. मान वर करायचं कामच न्हाई."

मी हे बघायला तिच्या गावी गेले. खरंच, काठावरून झाडाचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत होते. गयाबाई ओढ्याच्या तळात उभी राहून शेरडांना शिव्या घालत होती. मला बघून वर ओरडली, "बगा म्याडम, सून वर राणीवानी, आन् मी खाली शेरडांत!" मानेला न दुखवता काम कसं करावं यावर आम्हाला जाडजूड पुस्तकं असतात. त्यात ओढा नसतो. तो जिचा तिलाच शोधावा लागतो, आणि रुक्मिणबाईनं शोधला.

कळ उतरत गेली. रात्रीची झोप लागायला लागली. आणि इथंच या दुखण्याचा खोटेपणा असतो. कळ थांबली म्हणजे शीर सुटलीच असं नाही. एका बाजारी ती आनंदात आली, "ताई, बरं झालं बगा. आता येत न्हाई मी." गयाबाईनं माझ्यासाठी शेंगा आणल्या होत्या, निरोपाच्या. मी शेंगा बाजूला ठेवल्या आणि म्हटलं, ढकला.

उजवा हात माझ्या दोन बोटांना हलवू शकला नाही. पहिल्या दिवसापेक्षा जरा कमीच भासला. मी पुन्हा बघितलं, पुन्हा तेच.

"काय झालं?" गयाबाईचा आवाज पहिल्यांदा बारीक आला.

मी आडवळण घेत नाही. सांगितलं की कळ गेली, पण ताकद आली नाही, कदाचित घटली. सर्जनकडं परत जायचं, आणि तो म्हणेल तर ऑपरेशन. नवऱ्याला फोन लावला. तिकडून मेंढरांच्या आवाजातून तो ओरडला, "मान कापायची म्हन्ता? मान कापल्यावर मानूस जगतंय का?" नंतर मी तिच्या घरी गेले तर भाऊबंद, शेजारी, सगळ्यांचं एकच: दुखत न्हाई तर कशाला उकरता? एकानं सांगितलं, पुडी आणून देतो.

रुक्मिणबाई त्या सगळ्यांत बसून होती. मग म्हणाली, "कापायची तर कापू द्या. दुखायलं व्हतं तवा कुनी दवाखाना काढला न्हाई, आता सगळे डाक्टर झाले. माजा हात हाय. हात गेल्यावर ह्या घरात मला कोन इचारंल?"

गयाबाई चुलीपाशी होती, पाठमोरी. तशीच म्हणाली, "मी इचारीन." मग वळून भाऊबंदांना, "उटा आता. पुडीवाल्या, तूबी ऊठ."

सर्जननं तपासलं. तो पुष्कळ वेळ तिचा हात धरून ढकलायला लावत होता, आणि मी शेजारी उभी राहून स्वतःच्याच मुठी आवळत होते. तो म्हणाला, "पहिल्यापेक्षा कमी नाही. तेवढीच आहे. अजून एकदा थांबू. पण पुढच्या खेपेला वाढलेली दिसली नाही, तर मी थांबणार नाही."

त्यानंतर ती बाई ज्या निश्चयानं व्यायामाला लागली, तो मी कुठल्या पैलवानात बघितला नाही. तासातासाला भिंतीला हात टेकून अंग ढकलायचं. मी सांगितलं तेवढंच, कळ आली की थांबायचं, जास्त करायचं नाही, हे 'जास्त नाही' पाळणं सगळ्यात अवघड असतं आणि तिनं पाळलं. शेजारणी विचारायच्या, भिंत पाडायलीस का गं? ती म्हणायची, व्हय, पलीकडं तुमच्यात यायचंय. ओझं उचलायला कुणी बोलावलं तर गयाबाई मध्ये पडायची. एकदा पाण्याची घागर सुनेला दे म्हणणाऱ्या जावेला तिनं बाजारात ऐकू जाईल इतक्या जोरात झाडलं.

पुढच्या खेपेला सर्जननं हात धरला आणि त्याला दुसरा हात लावावा लागला. तो हसला. ऑपरेशन टळलं. सगळ्यांचं टळत नाही, आणि ज्यांचं टळत नाही त्यांनी ते करून घ्यावं, त्यात हार नाही. हेही मी पत्रकात मोठ्या अक्षरांत छापते.

मधल्या काळात घरच्या भाकरी गयाबाई थापायची. भाकरी थापायला तळव्यानं रेटा द्यावा लागतो, आणि रुक्मिणबाईच्या हातात तोच नव्हता. भर पावसाळ्यात मी त्या गावी दुसऱ्या पेशंटला बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवरा मेंढरांसह घरी आलेला होता. लाजत म्हणाला, "म्याडम, मान कापली न्हाई ते बरं झालं." चुलीसमोर रुक्मिणबाई बसली होती. काटवटीत उजव्या तळव्याखाली ज्वारीचं पीठ फिरत होतं, वाढत होतं, कडा एकसारख्या. थाप-थाप असा आवाज घरभर. मी बोलणं सोडून तो हातच बघत बसले.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मधल्या बोटानं, नुसत्या बोटानं, तापलेली भाकरी उलटली.

"अहो! उलथणं कुठंय?"

"काय करायचंय उलथनं? हे एक बोट बधिर ऱ्हायलंय जराक. चटका कळत न्हाई त्येला. म्हनून भाकर ह्यानंच उलटते, बाकीच्यास्नी तरास न्हाई."

"कळत नाही म्हणजे भाजत नाही असं नाही, रुक्मिणबाई! फोड येईल, जखम होईल, तुम्हाला समजणारसुद्धा नाही..."

"मी बी तेच सांगते," गयाबाई दारातून म्हणाली. "ऐकतंय कोन? लय ताकद आलीय अंगात."

रुक्मिणबाईनं पहिली भाकरी मोडून, तिच्यावर तेल-चटणी घालून माझ्या ताटात टाकली आणि हसत माझ्याकडं बघत राहिली. मला खूप रागवायचं होतं. जखमांबद्दल, बधिर बोटांबद्दल, न ऐकणाऱ्या बायांबद्दल. पण तोंडात भाकरी होती, आणि ती तिनं उजव्या हातानं थापलेली होती.